नदी, तट आणि भाषा : दियारबाकिरच्या वाङ्मयाच्या निमित्ताने

१

साहित्यकृती आणि स्थळ यांच्या संबंधाचा विचार करताना मराठी समीक्षेने एक गृहीतक बहुधा निर्वेधपणे स्वीकारलेले दिसते. ते असे की, प्रत्येक भूप्रदेशाची एक भाषा असते, त्या भाषेत त्या प्रदेशाची जीवनपद्धती साठलेली असते आणि म्हणून त्या प्रदेशाचे अस्सल वाङ्मय त्या भाषेतूनच निर्माण होते. 'प्रादेशिक कादंबरी' या संज्ञेमागे हे गृहीतक होते. देशीवादाच्या मांडणीने त्याला अधिक व्यापक तात्त्विक अधिष्ठान दिले. 'भूमी', 'मुळे', 'माती' ही आपल्या समीक्षेची आवडती रूपके याच गृहीतकातून आलेली आहेत. भाषा आणि भूमी यांचे सहअस्तित्व जेथे दीर्घकाळ अखंडित राहिले, तेथे हे गृहीतक बऱ्याच अंशी उपयुक्त ठरते यात शंका नाही. परंतु एखाद्या शहरात भाषा आणि भूमी यांची युद्धाने, कायद्याने आणि सक्तीच्या स्थलांतराने ताटातूट केली असेल, तर त्या शहराचे वाङ्मय कोणते म्हणायचे? ते कोठे शोधायचे?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न दियारबाकिर या शहराच्या संदर्भात उपस्थित करावयाचा आहे. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात टायग्रिस नदीच्या उजव्या तीरावर, काळ्या बेसाल्ट दगडांच्या तटबंदीत वसलेले हे कुर्दबहुल शहर आहे. कुर्दांच्या सांस्कृतिक कल्पनेत त्याला राजधानीचे स्थान आहे. असे असूनही या शहराच्या बहुसंख्याकांच्या भाषेतील आधुनिक कादंबरी स्टॉकहोममध्ये लिहिली गेली. या शहरात जन्मलेल्या आर्मेनियन लेखकाला स्वतःची मातृभाषा शिकण्यासाठी इस्तंबूलला जावे लागले. आणि या शहराच्या वेदनेला सर्वाधिक वाचक मिळवून देणारी कविता तुर्की भाषेत लिहिली गेली. हे तिन्ही प्रकार अपवाद मानून बाजूला सारता येतील काय, हाच येथे मुद्दा आहे.

२

या शहराची नावे हीच त्याच्या इतिहासाची पहिली संहिता होय. प्राचीन काळी ते 'आमिदा' होते. कुर्द आजही त्याला 'आमेद' म्हणतात. आर्मेनियनांच्या बोलण्यात ते 'दिक्रानागेर्त' असते. बक्र या अरब टोळीवरून रूढ झालेले 'दियारबेकिर' हे नाव १९३७ मध्ये बदलून 'दियारबाकिर' असे करण्यात आले. तुर्कीत 'बाकिर' म्हणजे तांबे. एका अक्षराच्या फेरफाराने अरबी व्युत्पत्ती पुसून तेथे तुर्की व्युत्पत्ती बसवली गेली. नामकरण हे सत्तेचे वाङ्मयीन कृत्य असते, याचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

या नावांमागील माणसांचा इतिहास मात्र अक्षरबदलाइतका सौम्य नाही. १९१५ मध्ये डॉ. मेहमेद रेशिद हा या प्रांताचा गव्हर्नर असताना येथील आर्मेनियन व सिरियन ख्रिस्ती लोकसंख्येचा मोठ्या प्रमाणावर संहार झाला. शहरातील शेकडो प्रतिष्ठित आर्मेनियनांना तराफ्यांवर बसवून टायग्रिसमधून खाली नेण्यात आले आणि वाटेत ठार मारण्यात आले. या संहारात काही कुर्द टोळ्यांचाही सहभाग होता. दहाच वर्षांनी, १९२५ मध्ये, शेख सईद यांच्या नेतृत्वाखालील कुर्द उठावाने याच शहराला वेढा घातला. उठाव फसला आणि त्यांना येथेच फाशी देण्यात आली. पुढे कुर्दांचे वेगळे अस्तित्वच राज्यसंस्थेने अमान्य केले. १९८३ च्या कायद्याने कुर्दी भाषेतील प्रकाशनावर प्रत्यक्ष बंदी घातली. ती १९९१ मध्ये उठली.

तथापि बंदी उठली त्याच दशकात युद्धाने आसपासचा ग्रामीण प्रदेश रिकामा केला. तुर्की संसदेच्या समितीने १९९८ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार ३,४२८ गावे व वाड्या रिकाम्या झाल्या आणि ३,७८,३३५ माणसे विस्थापित झाली. हाजेत्तेपे विद्यापीठाच्या २००६ मधील अभ्यासाने विस्थापितांची संख्या साडेनऊ लाख ते बारा लाख यांदरम्यान असल्याचे दाखवले. यांतील असंख्य कुटुंबे दियारबाकिरला आली. तटबंदीच्या आतील 'सुर' या जुन्या भागात, ज्या गल्ल्यांत पूर्वी आर्मेनियनांची घरे होती तेथेही, ती राहू लागली. एका विस्थापनाने मोकळ्या केलेल्या जागेत दुसरे विस्थापन येऊन राहिले.

२०१५ च्या जुलैमध्ये येथील तटबंदी आणि तट व नदी यांच्यामधील हेव्सेल बागा यांची युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत नोंद झाली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला शहराच्या वकीलसंघटनेचे अध्यक्ष ताहिर एल्ची हे चार खांबांच्या प्राचीन मिनाराजवळ, युद्धापासून ही वास्तू वाचवा असे आवाहन करीत असताना गोळी लागून मरण पावले. डिसेंबरमध्ये सुर भागात संचारबंदी लागू झाली, सुरक्षादले आणि सशस्त्र कुर्द तरुण यांच्यात गल्लोगल्ली लढाई झाली आणि मार्च २०१६ मध्ये तेथील बहुतांश मालमत्ता तातडीने संपादन करण्याचा सरकारी निर्णय झाला. १९९० च्या दशकात खेड्यांतून आलेली कुटुंबे येथून दुसऱ्यांदा हलली.

हा तपशील पार्श्वभूमी म्हणून सांगितलेला नाही. येथे 'भूमी' ही वाङ्मयाच्या आधी उपलब्ध असलेली, स्थिर आणि निर्विवाद अशी वस्तू नाही, हे त्यावरून लक्षात घ्यावयाचे आहे.

३

आधुनिक कुर्दी गद्याचा नकाशा पाहिला तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. कुर्मांजी बोलीसाठी लॅटिन लिपी रूढ करणारे 'हावार' हे नियतकालिक जेलादेत बेदिरखान यांनी १९३२ मध्ये सुरू केले ते दमास्कसमध्ये. पहिली कुर्दी कादंबरी म्हणून ओळखली जाणारी एरेबे शेमो यांची कृती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली ती सोव्हिएत आर्मेनियातील येरेवानमध्ये. आणि कुर्मांजी कादंबरीला प्रौढ रूप देणारे मेहमेद उझुन (१९५३–२००७) लिहिते झाले ते स्वीडनमध्ये. खुद्द दियारबाकिरमध्ये मुसा आन्तेर यांनी १९५९ साली एका स्थानिक वृत्तपत्रात एक कुर्दी कविता छापली, तेव्हा त्यांच्यावर खटला भरण्यात आला. १९९२ मध्ये याच शहरात त्यांची हत्या झाली.

उझुन यांचा जन्म दियारबाकिरच्या पश्चिमेस असलेल्या सिवेरेक गावचा. १९७१ च्या लष्करी हस्तक्षेपानंतर ते तरुणपणीच दियारबाकिरच्या लष्करी तुरुंगात गेले. मातृभाषा वाचायला-लिहायला ते शिकले ते या तुरुंगात. शाळेने त्यांना फक्त तुर्की दिली होती. १९७७ मध्ये ते स्वीडनला गेले आणि काही वर्षांनी त्यांचे तुर्की नागरिकत्व काढून घेण्यात आले. १९८५ मध्ये त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'तू'. हा शब्द कुर्मांजीत आणि मराठीत एकाच अर्थाने आहे, कारण तो दोन्ही भाषांच्या समान पूर्वजाकडून आला आहे.

कोठडीतील एक तरुण आणि त्याच्या सोबतीला असलेला एक किडा हे या कादंबरीचे केंद्र. तिच्या कथनात द्वितीयपुरुषाला मध्यवर्ती स्थान आहे. या निवडीचे स्पष्टीकरण पाश्चात्त्य प्रयोगशील कादंबरीच्या प्रभावाने करता येईल, परंतु ते अपुरे ठरेल. द्वितीयपुरुषी निवेदनासाठी ऐकणारा लागतो. ज्या भाषेला शाळा नाही, न्यायालय नाही, वृत्तपत्र नाही, त्या भाषेतील लेखकाला आपला वाचक आधी कल्पावा लागतो. 'मी' म्हणून आत्मकथन करण्यासाठी किंवा 'तो' म्हणून वृत्तान्त देण्यासाठी वाचकसमाज गृहीत धरावा लागतो. 'तू' म्हटले की निदान एक श्रोता वाक्यातच निर्माण होतो. ऐकणारे माणूस नाही तेव्हा किडाही चालतो. हे केवळ एकाकीपणाचे चित्र नाही. कुर्दी गद्याच्या तत्कालीन स्थितीचे ते नेमके रचनारूप आहे.

येथे एक निष्कर्ष काढता येतो. उझुन यांच्या भाषेत भूमी 'साठलेली' नाही. भूमीपासून तुटल्यावर, जुन्या 'हावार'च्या अंकांतून, देंगबेझ म्हणजे कुर्द कथागायकांच्या स्मृतीतून आणि निर्वासितांच्या बोलण्यातून ती भाषा त्यांनी गोळा केली. मुळे जमिनीत असतात हे रूपक या लेखकाच्या बाबतीत उलटे करावे लागते. त्यांनी भाषा आधी उभी केली आणि तिच्यातून शहर घडवले.

४

याच्या अगदी उलट उदाहरण अहमद आरिफ (१९२७–१९९१) यांचे. दियारबाकिरमध्ये जन्मलेल्या आणि आईकडून कुर्द असलेल्या या कवीचा हयातीत एकच संग्रह आला, तोही १९६८ मध्ये. परंतु तुर्की भाषेत सर्वाधिक वाचल्या गेलेल्या काव्यसंग्रहांत त्याची गणना होते. १९४३ मध्ये वान प्रांतात लष्कराने ३३ कुर्द खेडुतांवर गोळ्या झाडल्या. त्या घटनेवरील त्यांची दीर्घ कविता तुर्कीतच आहे.

देल्यूझ आणि ग्वातारी यांनी काफ्काच्या निमित्ताने १९७५ मध्ये मांडलेली 'गौण साहित्य' ही संकल्पना येथे सहज आठवते. अल्पसंख्य समूहाने वर्चस्वशाली भाषेत लिहिलेले, त्या भाषेला तिच्या ठिकाणावरून हलवणारे साहित्य, अशी ती संकल्पना. आरिफ यांच्या कवितेला ती बऱ्याच अंशी लागू पडते. तुर्की कवितेच्या शहरी, सुसंस्कृत स्वरात त्यांनी डोंगरी विलापगीताचा स्वर मिसळला आणि राज्याच्या भाषेतच राज्यावर आरोप ठेवला.

मात्र हीच संकल्पना उझुन यांना लावू गेल्यास ती निरुपयोगी ठरते. वर्चस्वशाली भाषा त्यांना अवगत होती. त्या भाषेत लिहून ती 'हलवण्याचा' मार्ग त्यांच्यापुढे होता. त्यांनी तो कादंबरीसाठी नाकारला आणि जिला प्रस्थापित होण्याची संधीच मिळाली नाही अशा भाषेत, अभिजात म्हणावी अशी मोठी कादंबरी उभारण्याचा आग्रह धरला. प्रमाणभाषा, ग्रंथपरंपरा, संकलने या ज्या गोष्टींकडे उत्तर-संरचनावादी समीक्षा संशयाने पाहते, त्याच त्यांना हव्या होत्या. १९९५ मध्ये त्यांनी कुर्दी साहित्याचे बृहद् संकलनही सिद्ध केले. प्रस्थापितत्वाचा त्याग ज्याच्याकडे ते आहे त्यालाच शोभतो. ज्या भाषेत अक्षर छापणे हा गुन्हा होता, तिच्या संदर्भात अस्थिरतेचे गोडवे गाणे ही सिद्धान्ताची चैन होय. आपल्या विद्यापीठांत उत्तर-वासाहतिक परिभाषा ज्या वेगाने रुजली, तो पाहता हा भेद स्पष्टपणे नोंदवणे अगत्याचे वाटते.

५

मगिर्दिच मार्गोस्यान (१९३८–२०२२) यांचे प्रकरण या दोन्ही चौकटींबाहेरचे आहे. सुर भागातील ज्या वस्तीला मुसलमान शेजारी 'काफरांचा मोहल्ला' म्हणत, तेथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील १९१५ च्या विस्थापनातून लहानपणी वाचलेले. घरी बोलली जाणारी आर्मेनियन ही तुर्की-कुर्दी शब्दांनी भरलेली बोली होती. शहरात आर्मेनियन शाळा उरली नव्हती. म्हणून मुलाला भाषा शिकण्यासाठी इस्तंबूलला धाडण्यात आले. पुढे त्यांचा आर्मेनियन कथासंग्रह १९८४ मध्ये आला. त्याच विश्वातील तुर्की कथा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांना त्यांनी मोहल्ल्याचे तेच हेटाळणीचे नाव दिले. १९९९ मध्ये त्यांचा कुर्दी अनुवादही निघाला. एकाच गल्लीची हकीकत शहराच्या तीन भाषांत उपलब्ध झाली.

या कथांत संहाराचे थेट वर्णन फारसे नाही. सुईण आहे, कारागीर आहेत, चर्चची घंटा आहे, हिवाळ्यासाठी करून ठेवायचे पदार्थ आहेत, शेजारणींची भांडणे आहेत. स्वर विनोदाचा आहे. वरवर पाहता हे स्मरणरंजन वाटेल. परंतु वाचक जसजसा पुढे जातो, तसतसे त्याच्या लक्षात येते की या प्रत्येक कुटुंबात कोणीतरी कमी आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. अनुपस्थितीचे असे निवेदन हे मार्गोस्यान यांच्या कथनपद्धतीचे मर्म आहे.

१९९५ मध्ये आलेल्या त्यांच्या दुसऱ्या तुर्की पुस्तकाचे शीर्षक एक प्रश्न आहे : सांग मार्गोस, तू कुठला? हा प्रश्न आपल्याकडेही गाडीत, वसतिगृहात, विवाह जुळवताना सहज विचारला जातो आणि त्याचे उत्तर एका गावाच्या नावाने देता येते असे विचारणाऱ्याला वाटते. मार्गोस्यान यांच्या बाबतीत हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. दियारबाकिरमध्ये ते 'काफर' होते. इस्तंबूलच्या आर्मेनियनांमध्ये ते दूरच्या पूर्वेकडून आलेले, 'कुर्दासारखे' बोलणारे पोर ठरले. उझुन यांच्या 'तू'ला श्रोता हवा होता. मार्गोस्यान यांच्या 'तू'ला श्रोते भरपूर आहेत, पण ते उत्तर ऐकण्यापूर्वीच निवाडा करून मोकळे झाले आहेत.

६

या पार्श्वभूमीवर उझुन यांच्या 'हावारा दीज्लेये' (दोन खंड, २००१ व २००३) या कादंबरीचे मूल्यमापन करावे लागते. शीर्षकाचा अर्थ 'टायग्रिसचा आक्रोश'. 'हावार' हा शब्द १९३२ च्या नियतकालिकाचे स्मरण करून देतो. ते काढणारे जेलादेत हे बोतानचे अमीर बेदिरखान बेग यांचे नातू आणि कादंबरीचा काळ याच बेदिरखान बेगच्या अमिरातीचा व तिच्या अस्ताचा. अमिरात १८४७ मध्ये संपली. तिची राजधानी जिझ्रे ही टायग्रिसवरच, दियारबाकिरच्या खालच्या अंगाला आहे. निवेदक बिरो हा देंगबेझ आहे. सत्तेच्या केंद्रात नसलेला, ऐकून सांगणारा माणूस.

कुर्द राष्ट्रीय स्मृतीत बेदिरखान बेग हा वीरपुरुष आहे. परंतु १८४३ आणि १८४६ मध्ये त्याच्या फौजांनी हाकारीच्या डोंगरांतील नेस्तोरियन ख्रिस्त्यांची कत्तल केली, हेही इतिहासात नोंदलेले आहे. उझुन यांनी आपल्या कादंबरीत यझिदी, ख्रिस्ती अशा समूहांना जागा दिली आणि वीरगाथेला विलापाची बाजू जोडली. ज्या समाजाला स्वतःचे दुःख मांडायचीही परवानगी नव्हती, त्याच्या लेखकाने शेजाऱ्याचे दुःख आपल्या ग्रंथात आणावे, ही नैतिक दृष्ट्या असामान्य गोष्ट आहे आणि तिचे श्रेय निःसंकोच दिले पाहिजे.

तरीही एक आक्षेप उरतो. विलापाचा स्वर व्यापक होत जातो तसतशी कर्तृत्वाची रेषा पुसट होते. नदी सर्वांसाठी सारखीच आक्रंदते. कोणी कोणाला मारले, हा प्रश्न पाण्यात विरघळण्याचा धोका संभवतो. ज्या नदीतून १९१५ मध्ये माणसे तराफ्यांवर नेऊन मारली गेली, ती नदी केवळ साक्षीदार नव्हती, ती साधनही होती. तिला सर्वांच्या शोकाची माता करणे काव्यदृष्ट्या प्रभावी असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने ते फार लवकर केलेले समेटाचे कृत्य ठरते. मार्गोस्यान यांची छोटी, गमतीदार, स्वयंपाकघरात आणि कामठ्यात रमणारी कथा येथे अधिक कठोर वाटते. ती कोणाचा आक्रोश ऐकवत नाही. कोण घरी परतले नाही एवढेच ती वाचकाला मोजायला लावते. महाकादंबरीची आकांक्षा आणि गल्लीतली हकीकत यांत श्रेणी लावताना आपली समीक्षा पहिलीकडे झुकते. या शहराच्या बाबतीत हा कल तपासून पाहावा लागेल.

या दोन लेखकांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा हेतू नाही. ते एकत्र वाचले तरच शहर वाचता येते. मार्गोस्यान यांच्या रिकाम्या खोल्यांमध्ये पुढे जे विस्थापित राहायला आले, त्यांच्या भाषेसाठी उझुन यांनी ग्रंथ उभे केले. एकाचे मौन दुसऱ्याच्या वाणीखाली आहे.

७

येथे या शहरातील आणखी एका पुत्राचा उल्लेख करणे आवश्यक आहे. तुर्की राष्ट्रवादाचा प्रमुख सिद्धान्तकार झिया ग्योकाल्प (१८७६–१९२४) हा दियारबाकिरचाच. राष्ट्र रक्ताने ठरत नाही, समान भाषा आणि समान संस्कार यांनी ठरते, ही त्याची मांडणी. आर्मेनियन, कुर्दी, सिरियन, अरबी आणि तुर्की ज्या गल्ल्यांत एकत्र ऐकू येत, तेथे वाढलेल्या माणसाने 'एक भाषा, एक संस्कार' हे सूत्र घडवावे, यात विसंगती आहेच. पण त्यात आपल्यासाठी एक इशाराही आहे. ग्योकाल्पचे सूत्र वांशिक मांडणीपेक्षा उदार वाटते. परंतु भाषा आणि भूमी यांचे तादात्म्य एकदा तत्त्व म्हणून स्वीकारले की, त्या भूमीवरची दुसरी भाषा ही चूक ठरते आणि चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणीतरी घेतोच. समीक्षेतील 'मुळे' आणि 'माती' यांची भाषा सद्हेतूने वापरली जाते, हे मान्य केले तरी हा तार्किक दुवा नजरेआड करता येणार नाही. 'आमेद' हे केवळ कुर्दांचे शहर, असे उलट सूत्र मांडले गेले तर तेही याच दोषास पात्र ठरेल.

यावरून स्थळविषयक समीक्षेसाठी एक पर्यायी निकष सुचवावासा वाटतो. एखाद्या शहराचे वाङ्मय ठरवताना 'त्याची भाषा कोणती' याऐवजी 'तेथे कोण राहिले, कोण गेले आणि कोणाच्या जागेत कोण आले' हा प्रश्न आधी विचारावा. 'मूळ' या संकल्पनेऐवजी 'वस्ती' ही संकल्पना केंद्रस्थानी आणावी. मूळ एकच असते आणि ते भूतकाळात असते. वस्ती एकावर एक होत जाते, ती उठवली जाते, पुन्हा बसते, आणि तिच्यावर एकाच वेळी अनेकांचा हक्क सांगता येतो. या निकषाने स्टॉकहोममध्ये लिहिलेली कुर्दी कादंबरी, इस्तंबूलमध्ये लिहिलेल्या आर्मेनियन व तुर्की कथा आणि आरिफ यांची तुर्की कविता या तिन्ही दियारबाकिरच्या ठरतात.

त्याचबरोबर 'विस्थापन' या शब्दाचा वापर समीक्षेने अधिक जबाबदारीने करावयास हवा. आधुनिक माणसाची परात्मता, लेखकाचे भाषेतील उपरेपण, अर्थाचे सतत पुढे ढकलले जाणे या साऱ्यांना आपण सर्रास विस्थापन म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, जुलै २०१५ ते डिसेंबर २०१६ या काळात आग्नेय तुर्कस्तानात साडेतीन ते पाच लाख माणसे घराबाहेर पडली. त्यांच्यासाठी हा शब्द रूपक नाही. ज्या संज्ञेचा शाब्दिक अर्थ कोणाच्या तरी आयुष्यात आजही जिवंत आहे, ती लक्षणेने वापरताना कोणाच्या अनुभवातून आपण उसनवार करीत आहोत, हे सांगण्याचे बंधन समीक्षकावर आहे.

उझुन २००६ मध्ये आजारी अवस्थेत दियारबाकिरला परतले आणि २००७ च्या ऑक्टोबरमध्ये तेथेच वारले. त्यांची कबर त्या शहरात आहे. मार्गोस्यान एप्रिल २०२२ मध्ये इस्तंबूलमध्ये निवर्तले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या मोहल्ल्यातील, लढाईत हानी पोचलेले सुर्प गिरागोस चर्च दुरुस्तीनंतर पुन्हा उघडले. मे २०२५ मध्ये कुर्दिस्तान कामगार पक्षाने आपले विसर्जन आणि सशस्त्र लढ्याची समाप्ती जाहीर केली. शस्त्रे थांबल्यावर शहर कोणाचे, हा प्रश्न मिटत नाही. तो शाळेच्या भाषेत, गल्लीच्या नावात आणि घराच्या मालकीहक्काच्या कागदात पुन्हा विचारला जातो. तेथील वाङ्मयाने या प्रश्नाची कसोटी अनेक भाषांत आधीच तयार करून ठेवली आहे. ती लावून पाहण्यासाठी समीक्षेला आपल्या काही आवडत्या रूपकांची किंमत मोजावी लागेल, आणि ती मोजणे श्रेयस्कर ठरेल.